अन्साक्काची टिटवी

“डबी फोडू नका सायेब. उघडायचीच असंल तर ह्यो स्क्रू ड्रायव्हर घ्या. आटं मोडलं तर परत बसायचं न्हाईत,” असं म्हणत अन्साक्कानं हातातला स्क्रू ड्रायव्हर पदराला पुसला आणि साहेबांपुढं धरला.

वाकणकर साहेबांनी तो घेतला नाही. साबणाच्या वडीएवढ्या त्या काळ्या डबीशी ते पाच मिनिटं नखांनी झटत होते. शेवटी त्यांनी ती टेबलावर आदळली आणि माझ्याकडं बघितलं, जणू डबी मीच घट्ट बंद केली होती.

सोनवडे फाट्यावर सकाळचे अकरा वाजले होते. आरटीओच्या भरारी पथकाची जीप ‘सुतार ऑटो इलेक्ट्रिक’च्या दारात आडवी उभी होती. मी त्या जीपचा चालक, महादेव खोचरे. नोकरीला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती, आणि एकोणीस वर्षांत मी ‘हो साहेब’ सोडून दुसरं काही बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मलाही नाही.

अनुसया सुतार म्हणजे आमच्या टापूतली अन्साक्का. पन्नाशीची बाई, साडीवर खाकी शर्ट, बोटं कायम काळी. बापाच्या हाताखाली वायरी ओढता ओढता शिकली आणि बापाच्या माघारी दुकान तिनंच चालवलं. ट्रक असो की ट्रॅक्टर, बोनेटमध्ये डोकं घातलं की तिला दुखणं कळायचं. आमची सरकारी जीपसुद्धा तिच्याच हातची. सेल्फ, हॉर्न, मागं एकदा पुढचा डावा दिवा, सगळी कामं तिनंच केलेली.

आणि टिटवी तिनंच बनवलेली. गाडी कुठं आहे हे उपग्रहावरून ओळखणारी चिप, एक छोटा भोंगा, आणि आत भरलेल्या जागा. गाडी त्यातल्या एखाद्या जागेच्या तीनशे मीटरवर आली की डबी ‘टिट्टिव, टिट्टिव’ करून ओरडायची. अंड्यांजवळ कुणी गेलं की टिटवी असाच कालवा करते, म्हणून हे नाव. वेग मोजणारे कॅमेरे रस्त्यावर लागले तसा टिटवीला भाव आला. टिटवी ओरडली की पाय उचलायचा, गप्प झाली की दाबायचा, हे ड्रायव्हर लोकांचं शास्त्र.

त्या महिन्यात नवा आदेश आला होता. कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारं कुठलंही यंत्र बनवायचं नाही, विकायचं नाही, गाडीत ठेवायचं नाही. साहेबांनी पहिलं नाव काढलं ते अन्साक्काचं. एवढंच नव्हे तर निघण्याआधी त्यांनी पेपरवाल्याला फोनही केला होता, दुपारी चारला या म्हणून. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत.

“बाई, हे यंत्र कॅमेऱ्याची सूचना देतं,” साहेब म्हणाले. “दुकानाला सील लागेल आणि तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. कळतंय का?”

“कळतंय की. पर ती देत न्हाई.”

“काय देत नाही?”

“सूचना. आदेश आला त्याच दिशी मी समद्या डब्यांतनं कॅमेरं काढून टाकलं. ज्यांच्या गाडीत हायत त्यांना बोलवून बोलवून काढलं. गाडीत लावा आन् फिरवून बघा. कॅमेऱ्याला बोलली, तर सील मी माझ्या हातानं लावते. न्हाई बोलली, तर माझ्या डब्या मला परत.”

“सगळे ड्रायव्हर सांगतात, टिटवी कॅमेरा दाखवते.”

“ड्रायव्हर लोक तुमच्याबद्दल बी लई कायकाय सांगत्यात सायेब. समदंच खरं मानायचं का?”

शेजारचा चहावाला युसूफभाई फस्सकन हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. तेवढ्यावरून साहेबांनी त्याला पंच केलं. दुसरा पंच मी.

दुकान जाणार, हे अन्साक्का सोडून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बापानं उभं केलेलं, तिनं तीस वर्षं हाकलेलं दुकान, दुसरा आधार कसलाच नाही. पण ती जीपच्या मागच्या बाकावर अशी बसली, जणू लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला निघाली होती.

साहेबांनी डबी काचेखाली चिकटवली. वायर अन्साक्कानं स्वतः जोडली.

“खोचरे, नव्वदनं घे.”

“साहेब, इथं साठची पाटी आहे. कारखान्याच्या कमानीपाशी कॅमेरा आहे.”

“माहीत आहे. म्हणून तर नव्वद. बघू कशी बोलत नाही ते.”

“हो साहेब,” मी म्हणालो.

जुनी जीप नव्वदला अशी थरथरायला लागली की युसूफभाईनं डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. कमान आली. खांबावरचा पांढरा कॅमेरा आला. साहेब डबीकडं टक लावून बसले होते. कमान गेली, कॅमेरा गेला. टिटवी गप्प.

“सायेब,” मागून अन्साक्का म्हणाली, “फोटू झ्याक आला असंल. तुमी तेवढा पट्टा लावला न्हाई.”

साहेबांनी घाईघाईनं पट्टा ओढला. तो अडकला. मी समोर बघत राहिलो, कारण हसलो असतो तर मेलोच असतो.

“यंत्र बिघडलंय,” साहेब म्हणाले. “किंवा बंद ठेवलंय तुम्ही.”

त्यांचं वाक्य पुरं व्हायला आणि टिटवी ओरडायला एकच गाठ पडली. पुढं मळीच्या ओढ्याचा पूल होता.

“बघा! बोललं की नाही! थांबव, खोचरे!” साहेब उडी टाकून उतरले. खांब शोधला, पुलाचा कठडा बघितला, बाभळीत डोकावले, काटा लागून घेतला. कॅमेरा काही दिसेना.

“हितं कॅमेरा न्हाई,” अन्साक्का जीपमधूनच म्हणाली. “हितं तुकाराम धनवडे. दुधाच्या किटलीसकट. आठ वरसं झाली.”

साहेब परत येऊन बसले.

पुढं टिटवी माध्यमिक शाळेपाशी ओरडली. “हितं कोन?” युसूफभाईनंच विचारलं.

“हितं अजून कुनी न्हाई. होऊ ने म्हनून.”

नंतर ती वजनकाट्याच्या वळणावर ओरडली. तिथं उसाची गाडी, दोन बैल आणि शिवा गाडीवान. मग जांभळीच्या थांब्यावर, तिथं एसटीतून उतरलेली नवीन सून, हातातला नारळसुद्धा फुटला नव्हता. अन्साक्का एकेक नाव सांगत होती, आवाज चढवत नव्हती की उतरवत नव्हती. प्लग बदलले, बॅटरीत पाणी घातलं, हे सांगते त्याच आवाजात.

“म्हणजे तुम्ही लोकांना फसवता,” साहेब शेवटी म्हणाले. “कॅमेरा आहे असं भासवून विकता आणि आत हे असलं भरता!”

“व्हय. फशीवते.”

इतकं सरळ उत्तर साहेबांना अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं.

“आदी मी खरंच कॅमेरं भरत हुते,” अन्साक्का म्हणाली. “खोटं कशाला बोलू? निस्ते कॅमेरं. माझी पैली डबी बाजीनं घेतली, टेम्पोवाल्यानं. कमानीपाशी टिटवी वरडली, त्यानं पाय उचलला. कॅमेरा मागं पडला, टिटवी गप झाली. टिटवी गप म्हंजी रस्ता मोकळा, असं त्याला वाटलं. त्यानं जो टेम्पो सोडला, त्यो त्या पुलावर तुकारामाच्या सायकलीवर. माझ्याच डबीनं त्याला सांगितलं का न्हाई, की आता पळ म्हनून?”

साहेबांनी बाभळीचा काटा काढायला घेतला.

“मग मी पुलावर पाटी लावली. हितं मानूस मेलंय, हळू जावा. दोन दिस बसून बघितलं. पाटी दिसली की गडी हात जोडायचा, आन् पाय दाबायचा. माणूस मेलंय म्हनलं की हात जोडत्यात सायेब, पाय उचलत न्हाईत. पाय उचलत्यात कॅमेऱ्याला. म्हनून मग मी मेल्याली मानसं कॅमेऱ्यांत घातली. गावोगाव हिंडून, इचारून. आता आदेश आला, मी कॅमेरं काढलं. मानसं ऱ्हाऊ दिली. मानसांची सूचना द्यायला बंदी हाय असं कुटं लिवलंय, ते दाखवा.”

“मला कायदा शिकवू नका!”

“न्हाई शिकवत. वाचून दाखवा म्हंती.”

साहेबांनी मला पुढं जायला सांगितलं. खिंडीपर्यंत जायचं होतं, आणखी चार किलोमीटर. मला मात्र मागं फिरायचं होतं. खिंडीच्या अलीकडं एक वळण आहे, डाव्या हाताला पिंपरणीचं जुनं झाड. सहा वर्षं मी त्या झाडाकडं बघत नव्हतो. आमचा दौरा त्या बाजूला असला की मी पोट बिघडल्याचं सांगून रजा टाकायचो, आणि नाहीच जमलं तर मान उजवीकडं ठेवून जायचो.

वळण जवळ आलं.

“गाडी हळू का केलीस?” साहेब म्हणाले.

मी खाली बघितलं. माझा पाय आपोआप वर आला होता.

“खोचरे, मी विचारतोय. अजून वाजलं कुठं आहे?”

आणि तेव्हा ती वाजली.

‘टिट्टिव, टिट्टिव’ करत डबी ओरडत राहिली आणि साहेब माझ्याकडं बघत राहिले. “तुला आधी कसं कळलं?” त्यांनी अगदी हळू विचारलं. “तू हिला सामील आहेस. जागा तूच पुरवतोस हिला. बोल!”

माझ्या तोंडातून ‘हो साहेब’ही निघेना.

“हौसाबाई मगदूम,” मागून अन्साक्का म्हणाली. आरशात मला ती दिसत होती. ती बाहेर पिंपरणीकडं बघत होती. “शेरडांसाठी वैरन घेऊन चालली हुती, रस्त्याच्या कडंनं. भर दुपारी दोन वाजता. पंचनाम्यात अज्ञात वाहन.”

परत येताना मी जीप चाळीसच्या वर नेली नाही.

दुकानात आल्यावर साहेबांनी खुर्ची ओढली आणि पंचनामा लिहायला घेतला. मोठ्यानं म्हणत लिहीत होते. साखर कारखान्याच्या कमानीजवळील कॅमेऱ्यापूर्वी सदर यंत्राने मोठ्याने आवाज करून चालकास सावध केले, सबब सदर यंत्र आदेशाचा भंग करणारे असल्याची पंचांची खात्री झाली.

“कमानीपाशी तर ती गप्प होती,” युसूफभाई म्हणाला.

“तू गाडीत डोळे मिटून बसला होतास.”

“डोळे मिटले होते साहेब. कान उघडे होते.”

“ठीक आहे. मला एका पंचाची सही आधी पुरे. खोचरे, कर सही. नाहीतर संगनमत म्हणून तुझंही नाव घालतो, आणि नोकरी गेली असं समज. चारला पेपरवाला येतोय.”

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. मी पेन घेतलं. समोर दारात जीप उभी होती, तोंड दुकानाकडं करून. उजव्या दिव्याची काच जुनी, पिवळट पडलेली. डाव्या दिव्याची काच नवी, स्वच्छ. सहा वर्षं रोज पुसत होतो मी ती काच.

त्या दिवशी आधीचे साहेब शेजारी बसले होते. मंत्र्यांचा ताफा गाठायचा होता. चल, चल, अजून काढ, असं चाललं होतं. वैरणीचा भारा मला दिसला, खालची बाई दिसली नाही. दिव्यावर आवाज झाला. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि साहेब म्हणाले, “थांबू नकोस.” मी म्हणालो, “हो साहेब.” पण आरशात बघितलं मी. रस्त्यावर वैरण पसरली होती आणि त्या वैरणीतून तिचा हात वर आला होता. हललेला हात मी बघितला आणि गाडी चालवत राहिलो. दोन तास ती तिथं जिवंत होती, हे मला नंतर कळलं. तेवढ्या वेळात तिला दवाखान्यात पोहोचवता आलं असतं.

संध्याकाळी जीप अन्साक्काकडं आणली. दिव्याला फांदी लागली म्हणून सांगितलं. तिनं काच बदलली.

मी साहेबांचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागलो. अक्षर मोठं काढलं. लिहिलं की कमानीपाशी टिटवी वाजली नाही, वेळ अकरा वाजून वीस मिनिटं, वेग नव्वद. खात्री करायची असल्यास कॅमेऱ्यात आमचा फोटो असेल तो बघावा. साहेबांनी मान लांब करून वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पट्टा आठवला असणार.

मग मी खाली आणखी लिहिलं. पिंपरणीच्या वळणावर हौसाबाई मगदूम यांना धडकलेलं वाहन अज्ञात नाही. ते हेच वाहन. चालक मी. ती जिवंत असल्याचं मी पाहिलं होतं आणि मी थांबलो नाही.

“खोचरे,” अन्साक्का जवळ आली. तिला वाचता येत होतं. “माझ्यापायी नको रं असं काई करू. दुकान गेलं तर गेलं. हातातली इद्या तर कोन सील करत न्हाई.”

“तुझ्यापायी नाही, अक्का.” मी सही केली. मग विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“काच मीच बदलली की. दिव्याच्या खोबणीत कुसळं अडकली हुती, वैरनीची. तू फांदी म्हनालास. फांदीला कुसळं येत्यात व्हय?”

“मग सहा वर्षं बोलली का नाहीस?”

तिनं आपली काळी बोटं पदराला पुसली. “कुटल्या तोंडानं बोलू? तुकारामाच्या पंचनाम्यात माझं नाव कुटं लिवलंय? वाट बघत हुते. माझी डबी बोलंल तवा बोलंल, म्हनलं.”

पुढचं थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्यातला फोटो महिन्याभरानं कोर्टात आला. त्यात सरकारी जीप, वेग एक्क्याण्णव, साहेब पट्ट्याविना आणि काचेखाली टिटवी, सगळं स्वच्छ दिसत होतं. टिटवी वाजली असती तर आम्ही हळू गेलो असतो, म्हणजे टिटवीनं सूचना दिलीच नाही, हे कॅमेऱ्यानंच सांगितलं. डब्या अन्साक्काला परत मिळाल्या. नंतर तिला आणखी तीन नोटिसा आल्या, त्या तिनं दुकानात बापाच्या फोटोखाली ओळीनं चिकटवल्यात. गिऱ्हाइकानं विचारलं की ती म्हणते, टिटवी देखील समुद्र आटवी, आणि कामाला लागते.

माझी नोकरी गेली. शिक्षा झाली, ती मी भोगली. आधीच्या साहेबांचं काय झालं म्हणाल, तर ते म्हणाले त्यांना काही आठवत नाही, आणि त्यांचं न आठवणं कोर्टानं मानलं. सुटून आल्यावर मी हौसाबाईच्या घरी गेलो. तिच्या मुलानं दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी गेलो, तेव्हाही लावलं. यंदाही जाणार आहे. आता मी दूध संघाची गाडी चालवतो, आणि काचेखाली टिटवी आहे. पिंपरणीची जागा तुझ्या डबीतून काढू का, असं अन्साक्कानं एकदा विचारलं होतं. मी नको म्हणालो.

त्या दिवसातलं एक सांगायचं राहिलं. मी सही केलेला कागद साहेबांनी वाचला, पुन्हा वाचला आणि मग माझ्यावर ओरडले, “वेड लागलंय का तुला? सहा वर्षांनी? मेलेली फाइल आहे ती! कुणी विचारलं होतं तुला?”

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी साहेबांच्या डोळ्यांत बघून बोललो.

“तुम्हीच विचारलंत, साहेब. तुला आधी कसं कळलं, म्हणून.”